गल्लीचे गाऱ्हाणे आणि नगराचे दफ्तर

मनुष्याच्या नित्य जीवनावर ज्या निरनिराळ्या सत्तांचा अंमल चालतो, त्यांपैकी सर्वांत जवळची आणि तरीही सर्वांत कमी अभ्यासिली गेलेली सत्ता म्हणजे त्याच्या गावाची नगरपालिका होय. दिल्लीत कोणते मंत्रिमंडळ अधिकारारूढ आहे याची वार्ता आपण रोज आस्थेने वाचतो; परंतु पहाटे नळाला पाणी किती वेळ आणि किती दाबाने यावे, सांडपाणी गटारातून वाहावे की रस्त्यावरून, कोपऱ्यावरचा दिवा रात्री जळावा की नाही, पावसाळ्यात नाल्याकाठच्या बिऱ्हाडांत पाणी शिरावे की बाहेरच्या बाहेर वाहून जावे, या गोष्टी ज्या सभेच्या आणि ज्या कचेरीच्या स्वाधीन आहेत, त्यांचे कामकाज कसे चालते हे सुशिक्षित गृहस्थासही बहुधा सांगता येत नाही. मग गल्लीत काही बिघडले म्हणजे तो ओळखीचा कारकून शोधतो, नगरसेवकाच्या घरी जाऊन शब्द टाकतो, लग्नकार्यात भेट झाली तर तेथेच विषय काढतो. काम झाले तर तो उपकार ठरतो, न झाले तर ते आपले नशीब ठरते, आणि दोन्ही प्रसंगी त्या गाऱ्हाण्याचा मागमूसही कोठे उरत नाही.

हा मागमूस उरणे माझ्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचे आहे. गल्लीचे गाऱ्हाणे जोवर दोन माणसांमधले बोलणे असते, तोवर ते ऐकणाऱ्याच्या मर्जीवर जगते. तेच गाऱ्हाणे तारखेनिशी आणि सह्यांनिशी दफ्तरात दाखल झाले, सभेपुढे आले आणि त्याचा निकाल लागेपर्यंत कोणीतरी त्याच्या पाठीशी उभे राहिले, म्हणजे त्याला नगराच्या कारभारात स्थान मिळते. आपल्याकडील नागरी कारभाराचा दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर रहिवाशांनी काय मिळविले आणि त्यांचे काय हुकले, हे दोन्ही स्पष्ट दिसते.

प्रथम मुंबईचा दाखला घेतला पाहिजे, कारण आज आपण ज्या चौकटीत तक्रार करतो ती चौकट करदात्यांच्या एका मोठ्या तक्रारीतूनच आकारास आली. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा नागरी कारभार सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ या प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे, आणि प्रत्यक्ष अंमल आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरकडे सोपविण्यात आला होता. क्रॉफर्ड हा विलक्षण धडाडीचा अधिकारी होता. त्याने रस्ते रुंदविले, घाण हटविली आणि ज्या मंडईला पुढे त्याचेच नाव मिळाले ती मंडई उभारली. परंतु त्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरली, शेअरबाजार कोसळला, शहरातील धनिक रातोरात निर्धन झाले, आणि तरीही कमिशनरचा खर्च व त्यापाठोपाठ करांचा बोजा वाढतच राहिला. खर्चावर देखरेख करावयाची ती ज्या मंडळाने, त्याच्या हाती ती करण्याची साधने पुरेशी नव्हती. आणि ज्यांच्या खिशातून पैसा जात होता त्या घरमालकांना व भाडेकरूंना तर त्या मंडळात आपला माणूस पाठविण्याची सोयच नव्हती.

१८७१ साली या असंतोषाने चळवळीचे रूप घेतले. करदात्यांच्या सभा भरू लागल्या, सरकारकडे अर्ज गेले, नवरोजी फर्दुनजींसारखे निर्भीड गृहस्थ करदात्यांची कैफियत मांडू लागले. याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टरने या प्रश्नावर निबंध वाचला, तो श्रोत्यांना मुळीच रुचला नाही, कारण सगळी सभा कमिशनरच्या विरुद्ध क्षुब्ध असताना हा तरुण म्हणत होता की एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती अंमलबजावणी ठेवण्यात काही चूक नाही, चूक आहे ती त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा वचक नसण्यात. तो तरुण म्हणजे फिरोजशहा मेहता. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका निर्माण झाली आणि त्यांपैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. पुढे १८८८ च्या ज्या कायद्यावर मुंबईचा कारभार आजही चालतो, त्याच्या घडणीत मेहतांचाच हात मोठा होता. म्हणजे आयुक्ताने अंमल करावा, सभेने पैसा मंजूर करावा आणि जाब विचारावा, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी वाटणी एका बाजूला करदात्यांचा संताप आणि दुसऱ्या बाजूला एका तरुणाचा थंड डोक्याचा विचार, या दोहोंच्या संयोगातून झाली आहे. नुसत्या संतापाने कमिशनर बदलला असता. व्यवस्था बदलली नसती.

तथापि या विजयाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मत देण्याचा अधिकार ठराविक रकमेचा कर भरणाऱ्यांनाच होता, त्यामुळे गिरणगावातल्या चाळीत दहा फुटांच्या खोलीत राहणाऱ्या आणि शहराचे वैभव प्रत्यक्ष हातांनी घडविणाऱ्या कामकऱ्याचे गाऱ्हाणे त्या सभागृहात पोहोचण्याची वाट दीर्घकाळ बंदच राहिली. प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची निवडणूक झाली ती १९४८ साली.

पुण्याची गोष्ट निराळी आणि मला अधिक हृद्य वाटणारी आहे. महात्मा जोतिराव फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा करदात्यांचा पैसा तोरणांवर उधळण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणास द्यावा, असे मत मांडून त्या सभेत एकट्या जोतिरावांनी विरुद्ध मत दिले. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताच्या खर्चास नकार देणे ही सामान्य गोष्ट नव्हती. ठराव अर्थातच मंजूर झाला. पण ते एक विरुद्ध मत नोंदले गेले, आणि ते नोंदले गेले म्हणूनच आज त्याची आठवण काढता येते. शहरात दारूची दुकाने वाढत चालली, तेव्हाही जोतिरावांनी १८८० साली नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना रीतसर पत्र लिहून ती वाढ लोकांच्या नीतीला आणि संसाराला कशी घातक आहे हे निदर्शनास आणले. वस्तीत दारूचे दुकान नको, हे गाऱ्हाणे घेऊन आजही आपल्या आयाबहिणी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात. त्यांच्या अर्जाला इतकी जुनी आणि थोर परंपरा आहे.

ठराव आणि अंमल यांत किती मोठे अंतर असू शकते, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल त्याने महाडच्या नगरपालिकेचा इतिहास वाचावा. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा राखलेल्या पाणवठ्यांवर, धर्मशाळांत आणि विद्यालयांत अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना मज्जाव नसावा, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या आरंभी चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. त्यावेळी सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखी न्यायबुद्धीची माणसे त्या पालिकेत होती. कागद पुरा झाला, सही झाली, परंतु सवर्णांच्या धाकामुळे तळ्यावर पाणी भरण्यास मात्र कोणी जाऊ शकले नाही. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो स्त्रीपुरुषांसह त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. म्हणजे नगरपालिकेने स्वतःच मान्य केलेला हक्क नागरिकांनी बजावला. त्याची शिक्षा म्हणून जमावाने त्यांच्यावर लाठ्या चालविल्या, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळे खासगी मालकीचे असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात गेला, आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले.

एका तळ्याच्या पाण्यासाठी तेरा वर्षे. हा लढा मानवी समतेचा होता, त्याला कोणी ‘नागरी तक्रार’ म्हणणार नाही, आणि म्हणूही नये; परंतु नगरपालिकेच्या पाण्यावर नागरिकाचा हक्क कसा सिद्ध होतो याचा त्याहून कठोर धडा आपल्या इतिहासात नाही. मंजूर झालेला ठराव मागेही घेतला जाऊ शकतो, ही गोष्ट ठराव होताच हार घालून घरी परतणाऱ्या प्रत्येक रहिवासी मंडळाने ध्यानात ठेवावी.

पाण्याचाच विषय निघाला आहे तर मृणाल गोरे यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. गोरेगाव हे तेव्हा मुंबईबाहेरचे उपनगर. तेथील ग्रामपंचायतीत त्या प्रथम निवडून गेल्या, १९५७ साली ही दूरची उपनगरे बृहन्मुंबईत सामील झाली, आणि १९६१ साली त्या महापालिकेच्या सभासद झाल्या. तेथील स्त्रियांच्या रिकाम्या हंड्यांचा प्रश्न त्यांनी इतक्या चिकाटीने सभागृहात आणि सभागृहाबाहेर लावून धरला की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. त्यांच्या कार्यपद्धतीत मला जे अनुकरणीय वाटते ते हे की मोर्चा आणि सभागृहातील काम यांना त्यांनी कधीच परस्परविरोधी मानले नाही. मोर्च्याने विषयाची निकड सिद्ध होई, आणि सभागृहातील काम त्या निकडीला अंदाजपत्रकाकडे व अंमलाकडे नेई. अनधिकृत ठरविलेल्या झोपडीला पाणी द्यावयाचे की नाही, हा प्रश्न त्यांच्यानंतरही मिटला नाही. २०१४ च्या डिसेंबरात, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की घर अनधिकृत असले तरी त्यात राहणाऱ्या माणसाचा पिण्याच्या पाण्याचा हक्क हिरावता येत नाही, आणि महापालिकेने त्यासाठी धोरण आखले पाहिजे.

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. मुंबईस १८८८ चा कायदा लागू आहे, पुण्या-नाशकासारख्या इतर महानगरपालिकांस १९४९ चा, आणि लहान शहरांच्या नगरपरिषदांस १९६५ चा. महानगरपालिकेत निवडून आलेल्या सभासदांची महासभा, तिने निवडलेली स्थायी समिती आणि राज्य सरकारने नेमलेला आयुक्त अशा तीन सत्ता असतात. धोरण व अंदाजपत्रक महासभेचे, मोठ्या खर्चांची व ठेक्यांची मंजुरी स्थायी समितीची, आणि मंजूर झालेल्या गोष्टींचा अंमल आयुक्ताचा. ही विभागणी रहिवाशाने जाणली पाहिजे, कारण तिच्यावरच त्याचे पाऊल कोठे पडावे हे अवलंबून असते. तुंबलेले गटार उपसण्यास कोणाच्या ठरावाची गरज नसते. ते क्षेत्रीय कार्यालयातील अभियंत्याचे वा आरोग्य निरीक्षकाचे रोजचे काम आहे, आणि ते झाले नाही तर सहायक आयुक्ताकडे लेखी दाद मागावयाची असते. परंतु तेच गटार दर पावसाळ्यात तुंबत असेल, कारण त्याची नळी वस्ती चौपट होण्यापूर्वीच्या मापाची आहे, तर तेथे मुकादमाला बोल लावण्यात अर्थ नाही. तेथे नवी नळी, तिचा अंदाज, अंदाजपत्रकात तरतूद आणि समितीची मंजुरी या मार्गानेच जावे लागते. दैनंदिन कामाची तक्रार सभासदाकडे आणि धोरणाची तक्रार मुकादमाकडे नेल्याने आपली निम्मी शक्ती वाया जाते.

अर्ज कसा लिहावा, हे शाळेत शिकविले जाते, पण त्यात काय लिहावयाचे ते क्वचितच शिकविले जाते. ‘आमच्या भागात पाण्याची फार गैरसोय आहे, तरी कृपया लक्ष घालावे’ असा अर्ज ज्याच्या टेबलावर जातो त्यालाही नेमके काय करावे हे कळत नाही. अमुक रस्त्यावरील अमुक इमारतीपासून अमुक इमारतीपर्यंत, अमुक तारखेपासून, सकाळी ठरलेल्या वेळेऐवजी इतकाच वेळ पाणी येते, त्यामुळे इतक्या कुटुंबांची अडचण होते, आणि यासाठी झडप तपासावी अशी मागणी आहे, असे लिहिले की त्याला उत्तर देणे भाग पडते. दिवा बंद असेल तर खांबावरचा क्रमांक लिहावा. एका अर्जात एकच मागणी असावी, कारण पाच मागण्यांचा अर्ज पाच खात्यांत हिंडून अखेर कोणत्याच खात्याचा राहत नाही. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच घेतल्यावाचून खिडकीवरून हलू नये. आता मुंबईत १९१६ या क्रमांकावर किंवा भ्रमणध्वनीवरील ॲपमधूनही तक्रार नोंदविता येते. तेथेही मिळणारा तक्रार क्रमांक जपून ठेवावा, आणि काम न होताच ‘तक्रार निकाली’ असा संदेश आला, तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन लगेच हरकत नोंदवावी. कायद्यात महापालिकेची काही कर्तव्ये बंधनकारक आणि काही स्वेच्छाधीन सांगितली आहेत. उद्यान करणे न करणे हा पालिकेच्या इच्छेचा प्रश्न असू शकेल, परंतु साफसफाई, सांडपाण्याचा निचरा, पाणीपुरवठा ही बंधनकारक कर्तव्ये आहेत, आणि त्यांविषयी लिहिताना विनवणीचा सूर लावण्याचे कारण नाही.

बंधनकारक कर्तव्य म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. माळव्यातील या शहरात एका प्रभागातील रहिवासी उघड्या गटारांनी, दुर्गंधीने आणि मद्यार्काच्या कारखान्यातून वाहत येणाऱ्या घाण पाण्याने त्रस्त झाले होते. त्यांनी दंडाधिकाऱ्याकडे फौजदारी प्रक्रिया संहितेतील सार्वजनिक उपद्रवाच्या कलमाखाली फिर्याद केली, आणि दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेस उपाययोजनेचा हुकूम दिला. सत्र न्यायालयाने तो हुकूम फिरविला, उच्च न्यायालयाने तो पुन्हा उचलून धरला, आणि नगरपालिका दिल्लीपर्यंत गेली ती मुख्यतः ‘पैसा नाही’ हा बचाव घेऊन. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो बचाव साफ नाकारला: नागरिकांचे आरोग्य राखणे हे ज्या संस्थेच्या अस्तित्वाचेच प्रयोजन आहे, तिला तिजोरी रिकामी असल्याचे सांगून त्यातून सुटता येणार नाही. एका गल्लीच्या गटारावरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला हा दंडक पुढे अनेक खटल्यांत उपयोगी पडला.

पण प्रत्येक गल्लीने न्यायालयात जावे असे कोणी म्हणणार नाही, आणि तशी वेळ येऊ नये म्हणूनच १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापण्याची तरतूद केली. महाराष्ट्राच्या कायद्यात या समित्यांचे काम स्पष्ट लिहिले आहे: पाणी, निचरा, सफाई यांसंबंधी नागरिकांच्या सामाईक तक्रारींचे शीघ्र निवारण करणे आणि प्रभागाच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारशी करणे. सभासदांखेरीज त्या भागातील सेवाभावी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी त्यांवर घेता येतात. या समितीच्या बैठकीची विषयपत्रिका मागून घेणे, आपल्या भागाच्या सभासदास लेखी प्रश्न देणे आणि बैठकीनंतर इतिवृत्ताची नक्कल मिळविणे, एवढे जरी एखाद्या रहिवासी संघाने वर्षभर नेमाने केले, तरी त्या भागाच्या कारभारात फरक पडल्यावाचून राहणार नाही, अशी माझी खात्री आहे.

कालाचे भान हा या कामातील दुसरा मोठा गुण. महापालिकेचे अंदाजपत्रक हिवाळ्यात तयार होते, आयुक्त ते स्थायी समितीपुढे ठेवतात, आणि १ एप्रिलपासून ते अंमलात येते. म्हणून पावसाळ्यात नाला फुटल्यावर नव्या नळीची मागणी केली, तर त्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तिला जागा नसते. पुणे महापालिकेने २००६ साली नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याचा जो उपक्रम सुरू केला, त्यात रहिवाशांनी आपल्या भागातील लहान कामे विहित नमुन्यात क्षेत्रीय कार्यालयास सुचवावीत अशी सोय झाली. प्रत्येक कामास पाच लाख रुपयांची मर्यादा असल्याने पदपथ, दिवे, बाके, बसथांबे अशी कामे त्यातून सुचविली जातात. रकमा लहान आहेत हे खरे. परंतु अर्ज मागविण्याचा काळ आदल्या वर्षाच्या मध्यावर येतो, आणि ते ज्यांना ठाऊक असते त्यांचीच कामे यादीत चढतात. विकास आराखड्याचेही तसेच. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ठराविक मुदतीत हरकती व सूचना मागवाव्याच लागतात, हरकत घेणाऱ्याची सुनावणी करावी लागते. मुंबईच्या २०१५ सालच्या प्रारूप आराखड्यावर नागरिकांनी, वास्तुविशारदांनी आणि वस्त्यांच्या संघटनांनी हजारो हरकती घेतल्या, आणि अखेर राज्य सरकारला तो आराखडा नव्याने करण्याचा हुकूम द्यावा लागला. आपल्या गल्लीतले मैदान नकाशावर कोणत्या रंगाने दाखविले आहे हे पाहण्यास जो त्या मुदतीत गेला नाही, त्याला पुढील वीस वर्षे केवळ हळहळणेच उरते.

पाहणे हाही हक्कच आहे. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ साली आला, आणि त्याचा एक सुंदर उपयोग पुणे महापालिकेत झाला: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कोणत्याही नागरिकाने अर्जाशिवाय कार्यालयात यावे आणि फायली पाहाव्यात असा शिरस्ता तेथे पडला, आणि २०१८ साली राज्य सरकारने जिल्हा कार्यालयांस व स्थानिक संस्थांस तोच कित्ता गिरविण्यास सांगितले. ज्या रस्त्याचे काम निकृष्ट झाले म्हणून आपण चडफडतो, त्याच्या ठेक्यात डांबराचा थर किती जाडीचा सांगितला होता आणि दोषदायित्वाची मुदत कधी संपते, हे जाणणारा एक रहिवासी आरडाओरडा करणाऱ्या शंभरांपेक्षा अधिक प्रभावी ठरतो.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. नागरी तक्रारींची चळवळ ज्या वस्त्यांत जोमाने वाढली, त्या बहुधा सुस्थितीतल्या वस्त्या होत्या. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९० नंतरच्या दशकात आपल्या गल्लीचा कचरा ओला-सुका वेगळा करून जो आदर्श घातला, त्यावरूनच मुंबई महापालिकेने गल्लीनिहाय रहिवासी समित्यांची योजना आखली. ते काम खरोखर स्तुत्य होते. परंतु ज्याच्या घरी संगणक आहे, इंग्रजीत पत्र लिहिण्याची सवय आहे आणि सेवानिवृत्तीचा मोकळा वेळ आहे, त्याचेच गाऱ्हाणे दफ्तरात दाखल होऊ लागले, तर नगराचे दफ्तर एकाच वर्गाचे दफ्तर होईल. पदपथावरील भाजीवाली ही सोसायटीतल्या गृहस्थाच्या अर्जात ‘अडथळा’ म्हणून येते; तिच्या लेखी मात्र तो पदपथ तिच्या मुलांचे अन्न आहे. म्हणूनच २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना दिल्या, आणि त्यांतही एक तृतीयांश स्त्रियांना. आपल्या गल्लीसाठी अर्ज लिहिताना पलीकडच्या वस्तीचे दुखणे त्यात वाढत तर नाही ना, हे तपासणे, आणि पलीकडच्यांना अर्ज लिहिता येत नसेल तर त्यांच्यासाठी लेखणी हाती घेणे, हे माझ्या मते सुशिक्षित रहिवाशाचे पहिले कर्तव्य आहे.

या सगळ्या खटाटोपाचा आधार जी निवडलेली सभा, तीच नसली म्हणजे काय होते याचा अनुभव आपण नुकताच घेतला आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, निवडणुका न्यायालयीन वादात अडकल्या, आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक हेच आयुक्त, हेच स्थायी समिती आणि हेच महासभा झाले. अंदाजपत्रके मंजूर होत राहिली, पण त्यांवर चर्चा झाली नाही. प्रभागाच्या प्रश्नावर उभे राहून जाब विचारणारे कोणी उरले नाही. १८७१ साली मुंबईचे करदाते ज्या स्थितीविरुद्ध उठले होते, तिच्याशी या काळाचे साम्य पाहून मन विषण्ण होते.

निवडलेली सभा असताना उपयोगी पडेल अशी एक तरतूद मात्र आपल्या कायद्यात २००९ सालापासून पडून आहे. प्रभागाचे लहान क्षेत्र धरून तेथील मतदारांची क्षेत्रसभा भरवावी, तिने आपल्या भागाच्या गरजा आणि त्यांचा अग्रक्रम ठरवावा, आणि त्या भागाच्या सभासदाने तिचे अध्यक्षपद घ्यावे, अशी ती तरतूद आहे; खेड्यास जशी ग्रामसभा, तशी ही शहरातल्या मोहल्ल्याची सभा. ती क्वचितच भरते. सभासद ती बोलावीत नाहीत, कारण कोणी मागत नाही. आणि कोणी मागत नाही, कारण ती असते हेच पुष्कळांना माहीत नाही. आपल्या प्रभागाच्या सभासदाकडे आणि महापालिकेच्या आयुक्ताकडे, आपल्या क्षेत्राच्या सीमा कधी ठरविल्या आणि क्षेत्रसभा कोणत्या तारखेस बोलाविणार असे विचारणारा अर्ज, पाच-पंचवीस शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी आणि पोहोच घेऊन, या आठवड्यातही देता येईल.